ज्या आवाजानं गाव उठतं

श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची नोकरी मी नागपुरात बसून कितीतरी वर्षं केली. कोण काय ऐकतं, कधी ऐकतं, मध्येच रेडिओ का बंद करतं, याची कोष्टकं बनवली. पण एखादा आवाज कानावर पडला आणि माणसं जागची उठली, म्हणजे प्रत्यक्ष काय होतं, हे मी गेल्या श्रावणात कोल्हापूरकडे जाईपर्यंत पाहिलं नव्हतं. परत आल्यापासून जिन्यात भेटेल त्या शेजाऱ्याला हेच सांगते आहे. ज्यांना गाठून सांगता आलं नाही, त्यांच्यासाठी लिहायला बसले.

निमित्त असं झालं. जाहिरातींवर न चालता लोकांच्या पैशावर चालणाऱ्या काही देशांच्या रेडिओ-टीव्ही संस्थांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. पूर, वादळ, सुनामी, जंगलातली आग, कसलंही संकट असो, त्याचा इशारा ऐकल्यावर लोक काय करतात ते शोधायचं. प्रत्येकानं आपापल्या घरी वेगळं विचारून उपयोग नाही. सगळीकडे एकाच पद्धतीनं विचारायचं आणि एकमेकांच्या देशात जाऊन सोबत बसून ऐकायचं, असं ठरलं. आमच्या वाट्याला कृष्णाकाठ आला. माझ्याबरोबर दोघं पाहुणे होते. फिनलंडची हेलेना, या कामाचे नियम जिच्या मुठीत होते ती. उंच, शांत, विचारल्याशिवाय न बोलणारी. आणि जपानचे मोरी, साठीचे, पूर्वी रेडिओवर बातम्या वाचणारे आणि आता माझ्यासारखेच श्रोत्यांच्या मागे लागलेले.

कसबा बावडा

आम्ही उतरलो कसबा बावड्यात. एका बाजूला साखर कारखान्याची चिमणी, पावसाळा असल्यामुळे गप्प उभी. दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि इमारतींच्या पाठीला लागूनच ऊस. पहिल्याच सकाळी मोरी खोलीत नव्हते. फोनही टेबलावरच. शोधत निघालो तर ते नदीवरच्या बंधाऱ्यापाशी सापडले. तिथे जत्राच भरली होती. स्कूटर लावून उभे असलेले लोक, खांद्यावर मुलं, कडेला भाजलेली कणसं. आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे. कोल्हापूरचे लोक पावसाळ्यात सकाळी उठून पाणी किती चढलं ते बघायला जातात, हे मी ऐकून होते. आमच्याकडे नागपुरात नाग नदीकडे बघायला कोणी मुद्दाम उठत नाही.

एका पैलवानी बांध्याच्या माणसानं मोरींना विचारलं, "काय पावणं, पाणी बघायला आलाय व्हय?"

मोरी झुकून म्हणाले, "हाय."

जपानीत त्याचा अर्थ 'हो'. पण त्या माणसाला वाटलं, पाहुण्याला कोल्हापुरी येते. तो जो सुरू झाला, तो आम्ही पोचेपर्यंत थांबला नव्हता. पाणी कालच्यापेक्षा किती वर आलंय, वरच्या धरणात किती साठा आहे, गेल्या मोठ्या पुरात ते कुठवर आलं होतं, सगळं हात लांबवून दाखवत होता. मोरी दर वाक्याला मान हलवून "हाय" म्हणत होते. निरोप घेताना त्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, "लई ग्वाड माणूस हाय हो तुमचा. बोलतंय कमी, पण कळतंय सगळं."

मग मिसळ खाल्ली. आमच्या तर्री-पोह्यांवर वाढलेल्या मला आपण तिखट खातो असा गर्व होता. इथला कट, म्हणजे मिसळीवरचा लाल रस्सा, अंगावर आला. पावाऐवजी ब्रेडचे जाड काप, आणि कट मागाल तेवढा, न मागता त्याहून जास्त. मोरींच्या टकलावर घामाचे थेंब जमले. हेलेनानं न बोलता वाटी संपवली आणि रिकामी वाटी पुढे केली. वाढणारा खूश होऊन ओरडला, "बाई जिंकली!"

दुपारी सुजाता आली. ती जयसिंगपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि जमेल तेव्हा रेडिओवर निवेदन करते. गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. त्याच गावात आम्हाला काम करायचं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तसं गावाला कबूल केलं आहे. तिची आई, शांताबाई, तिथेच राहते. गावातली बौद्ध वस्ती नदीच्या अंगाला आहे, त्यामुळे पाणी गावात शिरतं ते आधी सुजाताच्या घरात.

इशाऱ्याचा एकच मजकूर तीन आवाजांत रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायचा आणि प्रत्येकाला एकट्याला बसवून विचारायचं, 'हे ऐकून तुम्ही काय कराल?' अशी आमची पद्धत. पहिला आवाज एका अनुभवी निवेदकाचा होता. दुसरा सुजाताचा. खोलीच्या खिडकीला गादी टेकवून आम्ही तो रेकॉर्ड केला. "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." शब्द मोत्यासारखे. मोरी डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "फार सुंदर. आता तिसरा, तुमच्या गावच्या बोलीत."

सुजाताचा चेहरा बदलला. "सर, ते रेडिओवर चालत नाही."

"पण गावात चालतं ना?"

"मॅडम, यांना सांगा," ती माझ्याकडे वळली. "तोंडातलं 'न्हाय' काढायला मला किती वर्षं लागली. मुलाखतीत हसले होते लोक. आता पुन्हा तेच माइकवर घालू?"

मी सांगितलं. मोरींनी आग्रह धरला नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. दार बंद होतं, तरी आवाज खणखणीत आत आला. "आलो की गं! किती वराडतीस? जेवलो, जेवलो म्हनतो न्हवं! तू गोळ्या घेतल्यास का न्हाय?" तिकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण मघाशी मोती वाटणाऱ्या तोंडून ते ऐकून मी चकित झाले. तिच्या आवाजाची जणू पाठ ताठ झाली होती.

ती आत आली तर मोरी उभे होते. एक अक्षर न कळता ते म्हणाले, "हा. हा आवाज."

सुजाता हसायला लागली. मग गादीला पाठ लावून उभी राहिली, आणि आई समोर आहे असं समजून एका दमात बोलली. "उठा! पाणी आलंय. आवरत बसू नका. म्हातारी माणसं आदी काढा. जनावरं सोडा, दाव्याला ठिऊ नका. शाळंच्या टेकाला चला. चला म्हनतो न्हवं!"

मी खरंच अर्धी उठले होते.

कृष्णाकाठ

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. शिरोळकडे जाताना दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, मधून ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, आणि अचानक नदी. कृष्णा तिथे घाईत नसते. रुंद, तपकिरी, काठाच्या बाभळींना कमरेपर्यंत घेऊन चाललेली. वर पाऊस पडून धरणाचे दरवाजे उघडले की इथे उन्हातही पूर येतो, असं सुजातानं सांगितलं. म्हणून त्या भागात आभाळाकडे बघून कोणी निर्धास्त होत नाही.

ग्रामपंचायतीनं आम्हाला आपली खोली दिली. वीज गेलेली होती. टेबलावर सकाळच्या दवंडीचा माइक तसाच उभा होता. तो बाजूला सरकवून आम्ही त्याशेजारी आमचा छोटा स्पीकर ठेवला. पहिले आले बाबूराव आण्णा. वरच्या आळीचे ऊसवाले, पांढऱ्या मिशा, खणखणीत प्रकृती. गावात त्यांचा शब्द चालतो हे त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. हा फक्त प्रयोग आहे, खरा इशारा नव्हे, हे मी त्यांना नीट समजावलं.

पहिला आवाज ऐकून आण्णा म्हणाले, "बरं बोलतोय."

दुसरा ऐकून म्हणाले, "ही आमची शांताबाईची सुजी. चांगली शिकली पोर."

"ऐकून काय कराल?"

"काय करनार? च्या पिऊन नदीवर जाऊन बघीन, किती पाणी आलंय ते."

हेलेनानं तिसरा आवाज लावला. "उठा!" हा शब्द झाला आणि डोक्यावरचा पंखा गरगरायला लागला. वीज आली. आम्हाला बरंच वाटलं. "पाणी आलंय. आवरत बसू नका." आवाज आता दोनदा ऐकू येत होता, एक टेबलावरून आणि एक छपरावरून. मला वाटलं, खोली घुमते आहे. आण्णांना आधी कळलं.

"आवं, हे भाईर चाललंय की!"

कोपऱ्यातला अँप्लिफायर सकाळपासून चालूच होता, फक्त वीज नव्हती. आता वीज आली होती आणि माइक आमच्या स्पीकरला खेटून उभा होता. सुजाताचा आवाज छपरावरच्या कर्ण्यातून गावभर चालला होता. हेलेना स्पीकर बंद करेपर्यंत "चला म्हनतो न्हवं" सुद्धा जाऊन पोचलं. सुजातानं माइक ओढला, "थांबा! थांबा, चाचणी हाय!" असं ओरडली. पण तोवर बाहेर ट्रॅक्टर सुरू झाले होते, आणि त्या धडधडीत तिचं काही ऐकू जाईना.

आम्ही रस्त्यावर धावलो. त्यानंतर जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही.

कोणी किंचाळत नव्हतं, रडत नव्हतं. एका दारातून दोन बायका बाजेवर सासूला घालून निघाल्या होत्या; सासू बाज गच्च धरून त्यांनाच वाट सांगत होती. म्हशी मोकळ्या सुटून आपणहून चढाकडे वळल्या होत्या. एक माणूस कुलूप लावलेल्या घराची खिडकी काठीनं बडवून आत कोणी नाही ना ते बघत होता. पोरं लहान भावंडांना काखेत मारून चालली होती. एका बाईनं मागे जाऊन गॅस बंद केला, तेवढाच तिचा उशीर. ट्रॉली भरत होती, पण तिच्यात सामान नव्हतं, माणसं होती. आणि नदीच्या अंगानं शांताबाई येत होत्या, लहानखुऱ्या, पदर खोचलेला; हाताला वरच्या आळीची एक म्हातारी, आक्काबाई, जिला जवळजवळ दिसत नाही. नंतर कळलं, आक्काबाई त्यांच्या घरी तांदूळ निवडत गप्पा मारायला आली होती, आणि तिला धरूनच त्या निघाल्या होत्या.

माझ्याशेजारी मोरी टोपी छातीशी धरून उभे होते. आमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर समोरून चालत जात होतं, आणि ते खोट्या हाकेला आलेलं होतं.

सुजाता आईसमोर जाऊन उभी राहिली. "आये, थांब. पाणी न्हाय आलं. त्ये रेकॉर्ड हुतं. चुकून गेलं."

शांताबाईंनी तिच्याकडे बघितलं. आधी काही कळलं नाही, मग कळलं. "म्हंजे तू खोटं बोलालतीस व्हय गं?"

"खोटं न्हवं, आये..."

"तुझा आवाज आईकला म्हनून मी उठलो. दुसऱ्या कुनाचा असता तर आदी भाईर डोकावून बघितलं असतं." एवढं बोलून त्या आक्काबाईला घेऊन परत फिरल्या. पुन्हा मुलीकडे पाहिलं नाही.

शाळेचं टेकाड

बातमी पसरून माणसं परतली, जनावरं परत बांधली गेली. एक गाभण म्हैस उसात शिरली होती ती संध्याकाळी सापडली. एका आजोबांचा गुडघा फुटला. हेलेनानं स्वतः पट्टी बांधली. सूर्य कलताना गाव शाळेच्या पटांगणात जमलं. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि हातात चहा दिला. रागावलेल्या माणसांनी आधी चहा पाजलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

आण्णा उभे राहिले. "पावणं, आमी तुमच्यावर वराडनार न्हाय. वीज आली त्यात तुमचा काय दोष? पन एक सांगा. उद्या खरंच पाणी आलं, आन् हीच पोर त्या कर्न्यातनं बोलली, तर आमी हलायचं का न्हाय? ह्याचं उत्तर द्या आन् जावा."

मी हेलेनाकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. मग मोरी उठले. कमरेत वाकले, आणि इतका वेळ वाकून राहिले की पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आवं उठवा की कुनीतरी त्यास्नी."

ते इंग्रजीत बोलले, मी मराठी करत गेले. माझी मराठी पटांगणात कोरडी पडत होती. लोकांचे चेहरे हलेनात. तेव्हा सुजाता पुढे आली आणि माझं प्रत्येक वाक्य घेऊन गावच्या बोलीत पुन्हा सांगू लागली.

मोरींनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं. समुद्राकाठचं गाव, आई नव्वदीकडे झुकलेली. इशारा झाला की ती टेकडी चढते. बहुतेक वेळा समुद्र काही येत नाही. "मी तिला एकदा विचारलं, इतक्या वेळा फुकट चढतेस, कंटाळा येत नाही? ती म्हणाली, आज गुडघे चालले, हे तर कळलं."

सुजातानं ते सांगितलं तसं, "म्हातारी म्हनली, फुकट कुठं गेलं? गुडघं चालत्यात का न्हाय ते तर कळलं!"

पटांगण हसलं. गुडघा फुटलेले आजोबा म्हणाले, "माझं न्हाय चालत, त्ये बी आज कळलं." पुन्हा हसू झालं. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. एक जण म्हणाला, म्हशी सोडल्यावर वाटेत अडकल्या, पुढच्या वेळी ट्रॉल्या मागच्या रस्त्यानं काढू. दुसऱ्यानं सांगितलं, कुलपाच्या घरांची किल्ली शेजारी ठेवू. बघता बघता रागाची सभा कामाची झाली. मी थक्क होऊन बघत बसले.

पण शांताबाई उठल्या. "तुमी ठरवा काय ठरवायचं ते. हिच्या आवाजाला आता मी न्हाय उठत." आणि अंधार पडायच्या आत त्या घरी गेल्या.

परतीच्या गाडीत सुजाता एकदाच बोलली. "माझ्या घरात पाणी सगळ्यात आधी येतं, मॅडम. आणि तीच नाही उठणार."

मुरगूड

एक दिवस सोडून ठरल्याप्रमाणे कागल तालुक्यातल्या मुरगूडला गेलो. सुजाता नको म्हणत असतानाही आली. घरी बसवत नव्हतं म्हणाली. बाजारपेठेचं गाव, खताची दुकानं, कापडाची दुकानं, चहाच्या टपरीवर बसून सगळ्या जगावर मत देणारी माणसं. इथे आम्ही कर्णा कुठे आहे, कुठली तार कुठे जाते, हे आधी तपासलं. एका दुकानदारानं तीनही आवाज ऐकून आम्हालाच विचारलं, "फिनलंडात पूर येतोय का? न्हाय? मग ह्या बाई हितं काय शिकाय आल्यात?"

हेलेनाला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, माझ्या देशात थंडीत वीज गेली की माणसं एकेकटी घरात बसून राहतात. शेजाऱ्याचं दार वाजवायला लाजतात. ते दार कसं वाजवायचं, हे मी शिकायला आले आहे." दुकानदारानं तिला भडंगाचा, मसालेदार चुरमुऱ्यांचा, पुडा दिला.

जेवणानंतर इतर देशांतल्या सहकाऱ्यांशी आमचं फोनवर बोलणं झालं. हेलेनानं झालेलं काही न लपवता सांगितलं. एकानं हळूच सुचवलं, की हे निरीक्षण फार मोलाचं आहे, अहवालात घ्यायला हवं. हेलेना म्हणाली, "लोकांना न विचारता मिळालेलं ते आहे. ते गावाचं आहे, आपलं नाही." मोरींनी मान हलवली. विषय संपला. गावानं आपणहून परवानगी देईपर्यंत त्या दिवसाबद्दल मीही कुठे लिहिलं नाही.

फोन ठेवतो न ठेवतो तोच पाऊस सुरू झाला. मुरगूडच्या वेदगंगेचं पाणी डोळ्यांदेखत वाढत होतं. टपरीवरच्या रेडिओवर बातमी लागली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आहेत, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. टपरीवाल्यानं मान वर न करता चहा गाळला. त्याच वेळी सुजाताचा फोन वाजला. पलीकडे आण्णा होते.

"सुजे, सरकारी माणूस येऊन सांगून गेला. लोक नदीवर जाऊन बघत बसल्यात. निम्मी म्हनत्यात, परवासारखंच असंल. तू ये आन् बोल."

"माझं कोण ऐकणार, आण्णा?"

"त्ये आल्यावर बघू. ये."

पुन्हा कृष्णाकाठ

रस्ता मोकळा होता म्हणून पोचलो. दुपारच्या राखी उजेडात नदी ओळखू येत नव्हती. बाभळींचे नुसते शेंडे दिसत होते. ग्रामपंचायतीपुढे माणसं घोळक्यानं उभी होती. कोणी सुजाताला वाट दिली, कोणी तोंड फिरवलं. तिच्या घराच्या पायरीशी पाणी आलं होतं आणि शांताबाई दारात बसून होत्या, हे आम्हाला येताना दिसलं होतं.

ती माइकसमोर उभी राहिली. आण्णांनी बटण दाबलं.

"मी सुजा बोलतो," ती म्हणाली. थांबली. कर्ण्यातून तिचा श्वास ऐकू आला. "परवा चूक झाली. आज चाचणी न्हाय. मी आत्ता घरावरनं आलो, आमच्या पायरीला पाणी लागलंय. ज्याला बघायचं हाय त्यानं बघावं, पन चालत चालत बघावं." आणि मग तिचा आवाज चढला. "आये! तू आदी ऊठ. तू उठलीस तर गाव उठंल. मला शिव्या टेकावर घाल. उठ म्हनतो न्हवं!"

बाहेर सगळे नदीच्या बाजूला बघत होते. पाऊस पडत होता. कोणी हललं नाही. मी मोरींचा हात धरला होता, हे मला नंतर कळलं.

गल्लीच्या तोंडाशी शांताबाई दिसल्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ, साडी पोटरीपर्यंत भिजलेली. चढानं सरळ आल्या, आक्काबाईच्या दारात थांबल्या, तिचा हात धरला. आमच्यासमोरून गेल्या. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही, पण जाता जाता म्हणाल्या, "वराडत काय उभी ऱ्हायलीस? खालच्या घरातली पोरं काढ."

आणि गाव उठलं. कुलपाच्या घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे होत्या, ट्रॉल्या मागच्या रस्त्यानं निघाल्या, म्हशी पुढे आणि माणसं मागे. आण्णांनी आपली ट्रॉली आधी खालच्या वस्तीत नेली. आम्हा तिघांनाही काम मिळालं. हेलेनाच्या दोन्ही काखांत शेळीची करडं होती. मोरींनी गुडघा बांधलेल्या आजोबांना पाठीवर घेतलं. आजोबा त्यांना कानात सूचना देत होते आणि मोरी "हाय, हाय" म्हणत चढत होते. माझ्या हाताला एक लहान मुलगी होती, ती मला चिखलात कुठे पाय ठेवायचा ते शिकवत होती.

सगळे वर पोचले तेव्हा खालची आळी पाण्यात होती. घरांची दारं गेली, मग खिडक्या. गाव टेकाडावरून बघत होतं. आण्णांनी घराघराच्या नावानं हाक मारली, आणि प्रत्येक नावाला कुठून तरी ओ आली. शेवटची ओ आल्यावर त्यांनी डोक्याचा फेटा सोडला, तोंड पुसलं आणि ते पावसातच खाली बसले.

शाळेच्या वर्गात चुली पेटल्या. भाकरी, मिरचीचा खर्डा, वर तेल. शांताबाईंनी सुजाताच्या हातात भाकरी ठेवली आणि ठरल्याप्रमाणे शिव्या घातल्या. सुजाता त्या मन लावून खात-ऐकत बसली. मग शांताबाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुमी कुठल्या म्हनला?"

"नागपूरची."

"तितं असं काय झालं, तर तुमास्नी कोन उठवतंय?"

मी आमच्या इमारतीचा विचार केला. सहा मजले, खाली पहारेकरी, फोनवर सगळ्यांचा ग्रुप. कोणाच्या आवाजाला मी दार उघडून, काही न विचारता, पायात चप्पल न घालता निघेन? मला एकही आवाज आठवेना.

"कोणी नाही हो," मी म्हणाले.

शांताबाईंनी माझ्या थाळीत आणखी एक भाकरी टाकली.

"मग हितंच ऱ्हावा की."